अंबूआत्याचं पान

आमची जुनी बिल्डिंग पाडणार आहेत. मीरा रोडला हाटकेशच्या बाजूची, लिफ्ट नसलेली, दर पावसाळ्यानंतर भिंतींना लोणा धरून पांढरी पडणारी. लोकांनी दारं-खिडक्या उचकटून नेल्या आहेत. आई आणि मी आता बेव्हर्ली पार्कला राहतो, रिक्षाने जवळच. पण सर्वपित्री अमावास्येला सकाळीच आईने हट्ट धरला, ‘या वर्षीचं पान तिथल्याच गच्चीवर ठेवायचं.’ गुडघे दुखतात, जिन्याला कठडा राहिला नाही, वॉचमन आत सोडणार नाही, सगळं सांगून पाहिलं. ती डबा हातात घेऊन दाराशी उभी राहिली. डब्यात तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी आणि आमसुलाची चटणी होती. रिक्षात तो वास कोंडला आणि मला नेहमीसारखी लाज वाटली. खिरीच्या वासाने कुणाला लाज वाटते का? मला वाटते. गेली कित्येक वर्षं वाटते.

कारण ज्या अंबूआत्याच्या नावाने हे पान निघतं, ती बाई कधी नव्हतीच. आईने ती माझ्या तोंडावरून तयार केली होती.

मी आईबाबांच्या पोटची नाही. एका संस्थेतून त्यांनी मला आणलं तेव्हा मी काही महिन्यांची होते. माझी आई डोंगराकडची, कामासाठी मुंबईत आलेली, एवढंच त्यांना सांगितलं होतं. डोंगर कुठला, नेपाळचा की आसामकडचा, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. बाबा कोकणातले, सरळ नाकाचे, घाऱ्या डोळ्यांचे. आई उंच, लांबट चेहऱ्याची. आणि त्यांच्या मधे मी: रुंद गालफडं, बसकं नाक, बारीक डोळे, कितीही तेल थापलं तरी ताठ उभे राहणारे केस. गिरगावातल्या चाळीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. म्हणून तर मी शाळेत जायला लागल्यावर ती दोघं मीरा रोडला आली, जिथे कुणाला काहीच माहीत नव्हतं. माझा चेहरा मात्र त्यांना बरोबर आणावा लागला.

तेव्हाचं मीरा रोड म्हणजे चार नव्या बिल्डिंगा आणि बाकी सगळं खाजण, खाऱ्या पाण्याची दलदल. गॅलरीत उभं राहिलं की मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके चमकायचे की बघताना डोळ्यांना पाणी यायचं. बोअरिंगचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. टँकर आला की सगळी बिल्डिंग हंडे-कळश्या घेऊन धावायची, आणि ओल्या सिमेंटचा, डिझेलचा आणि ओल्या मातीचा मिळून एक वास सुटायचा. पश्चिमेचा वारा सुटला की त्यात सुकवलेल्या बोंबलांचा वास मिसळायचा. तो माझ्या लहानपणाचा वास. आजही कुठे बांधकामावर पाणी मारत असले की मी क्षणभर थांबते.

अंबूआत्याचा जन्म जिन्याच्या पहिल्या पायरीवर झाला. समुद्राकडच्या तारोडी गावाहून एक मासळीवाली यायची, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं एवढं मोठं की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यावं. आई वाकून बोंबील निवडत होती. मी तिच्या पदराला धरून उभी होते. मासळीवालीने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

‘बाय, ही पोर कोनाची हाय? तुज्यावर न्हाय गेली, सायबावर पन न्हाय गेली. कोनावर गेली गो?’

कोणावर गेलीय. आपल्याकडे लहान मूल दिसलं की लोक हेच विचारतात, त्यात कुणाला वाईट वाटायचं काही नसतं. पण आईच्या हातातला बोंबील तसाच राहिला. मग ती वर न बघता म्हणाली, ‘आमच्या आत्तेसासूबाईंवर गेलीय. अंबूआत्या. अगदी अस्से डोळे होते त्यांचे.’

‘म्हंजे आत्याच आली गो परत!’ मासळीवाली खूश झाली आणि तिने दोन बोंबील वर टाकले.

आई बोंबलांची पिशवी घेऊन सावकाश जिना चढली. मी मात्र उड्या मारत वर गेले. माझा चेहरा आधी कुणाचा तरी होता, हे मला पहिल्यांदाच कळलं होतं.

त्यानंतर अंबूआत्या आमच्या घरात वाढायला लागली. मी डाव्या हाताने लिहायला लागले तेव्हा बाई ओरडल्या. घरी आई म्हणाली, ‘अंबूआत्याही डावरीच होत्या.’ मला तिखट सोसेना, तर अंबूआत्यांनाही सोसायचं नाही. माझे केस वेणीतून निसटायचे, तर अंबूआत्यांना म्हणे रोज खोबरेल तेलाची अर्धी वाटी लागायची. तिसरी-चौथीत मला चष्मा लागला, आणि आठवड्याभरात अंबूआत्यालाही चष्मा लागला. कोकणातल्या खेड्यात, त्या काळी, मुलीला चष्मा! बाबांनी पेपर जरा वर धरला. ते अशा वेळी नेहमी पेपर वर धरायचे. मला वाटायचं, त्यांना त्यांच्या आत्याची आठवण येते.

मी तिच्यावर फार प्रेम केलं. शाळेत मुलं ‘चिनी’ म्हणाली की मी मनात म्हणायची, आमच्या घराण्यात असेच डोळे असतात. बाहेरून आरशात बघायची लाज वाटायची, आतून जरा धीर असायचा. पण धीर फार पुरायचा नाही. समोरच्या बिल्डिंगला एक नेपाळी वॉचमन आला. मी दुधाची पिशवी घेऊन येत होते. तो उठून उभा राहिला, एवढा आनंदाने हसला, आणि म्हणाला, ‘बहिनी, घर कहाँ हो?’ मला त्याचं बोलणं कळलं, आणि कळलं याचीच भीती वाटली. मी जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मी मराठी आहे. मी इथलीच आहे.’ त्याने मान हलवली आणि परत खुर्चीवर बसला. त्या दिवसापासून मी दूध आणायला लांबच्या रस्त्याने जायला लागले.

खालच्या मजल्यावर सावंतकाकू राहायच्या. मनाने लोण्यासारख्या, पण चौकशा फार. एकदा हळदीकुंकवाला म्हणाल्या, ‘वहिनी, सारखं ऐकतोय तुमच्या अंबूआत्यांचं. बोलवा की एकदा, बघूया तरी.’

आईच्या हातात अत्तरदाणी होती. ‘त्या नाहीत आता,’ ती म्हणाली. ‘अठराव्या वर्षीच गेल्या. ताप आला आणि गेल्या.’

‘अगं बाई! म्हणजे लग्न न होताच? मग सर्वपित्रीला त्यांचं पान ठेवता ना? अशांची इच्छा राहिलेली असते हो.’

‘ठेवतो तर,’ आई म्हणाली.

झालं. त्या भाद्रपदापासून आमच्या घरी अंबूआत्याचं पान निघायला लागलं. एक थाप पचवायला केवढा स्वयंपाक! आई सकाळी अंघोळ करून ओल्या केसांनी ओट्याशी उभी राहायची. वडे तळल्याचा वास जिन्यातून खाली जायचा, म्हणजे सावंतकाकूंपर्यंत पोचायचा. भाईंदरच्या बाजारातून आणलेलं केळीचं पान पुसून त्यावर सगळं वाढायचं, डाव्या हाताला चटणी, मधे भात, वर तुपाची धार. बाबा म्हणायचे, ‘अगं, कशाला एवढं?’ आणि पेपर वर धरायचे. मग आई पान घेऊन गच्चीवर जायची आणि मी तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन.

गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ती पान ठेवायची. कावळे समोरच्या तारेवर बसलेले असायचे, पण लगेच यायचे नाहीत. दहाव्याला घाटावर कावळा शिवत नाही तेव्हा लोक गेलेल्याला काहीतरी सांगतात ना, तुझ्या मुलाचं बघू, तुझं राहिलेलं पुरं करू, तसं आई पदर तोंडापुढे धरून काहीतरी पुटपुटायची. मला ऐकू यायचं नाही. आणि खरं सांगते, दर वर्षी कावळा यायचा. आई हात जोडायची. मग आम्ही खाली येऊन जेवायचो. त्या दिवसाची खीर मला सगळ्यांत आवडायची. माझ्यासारख्या चेहऱ्याच्या मुलीने आधी ती चाखलेली असायची.

बारावीच्या वर्षी माझं काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सकाळी उठवेना. अंघोळीला गेले की बादली भरून वाहायची आणि मी तशीच पाटावर बसलेली. पुस्तकातली ओळ डोळ्यांपुढे असायची आणि आत शिरायची नाही. आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला. एकच गोष्ट डोक्यात फिरायची: मी आता अठराची होणार. अंबूआत्या अठराव्या वर्षी गेली. चष्मा तिचा मला आला, हात तिचा मला आला, डोळे तिचे आले. मग हेही येणार. आत्याच आली गो परत. मला त्याची भीतीसुद्धा वाटत नव्हती, हे आईला कळलं असावं. ती मला बाथरूमचं दार आतून लावू देईना.

आणि लोकांना सांगायचं काय? मुलगी नुसती पडून असते, रडते, हे सांगायची आम्हाला लाज. आईने सांगितलं, कावीळ झालीय. मग काय, सगळी बिल्डिंग कामाला लागली. कुणी उसाचा रस आणला, कुणी भाजके चणे, कुणी कुठलंसं औषधी पाणी. आईला खोटं निभवायला मला बिनतेलाचं जेवण द्यावं लागलं. सावंतकाकू माझ्या पलंगाशी बसल्या आणि त्यांनी माझी हनुवटी वर केली. ‘बघू पिवळे झालेत का. उघड गं नीट. अगं, हिचे डोळेच दिसत नाहीत!’ त्या हसल्या, प्रेमानेच हसल्या. मी भिंतीकडे तोंड वळवलं. आई दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि तिचीही लाज वाटली, माझीही वाटली. एका खोलीत किती लाज मावावी!

शेवटी बाबांनी मला दादरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. जवळचा डॉक्टर नको, कुणी पाहील. छोटी खोली, वर पंखा, टेबलावर काचेखाली मुलांचे फोटो. डॉक्टरांनी खूप विचारलं, हळू आवाजात. मग आईकडे वळून म्हणाले, ‘घराण्यात आधी कुणाला असा त्रास होता का?’

आणि आई, इतक्या वर्षांची सवय, चटकन म्हणाली, ‘हो ना, आमच्या आत्तेसासूबाई होत्या, त्यांचंही अगदी असंच...’

ती थांबली. डॉक्टर लिहायला लागले होते. ‘बरं. मग त्यांचं पुढे काय झालं?’

आईने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तराची वाट बघत होते, आणि ते तिला दिसलं. मग ती एकदम ताठ बसली. ‘काही नाही झालं,’ ती म्हणाली. ‘बऱ्या झाल्या. चांगल्या ब्याऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या. शेवटपर्यंत दात होते.’

‘अगं, पुरे,’ बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याकडे वर धरायला पेपर नव्हता. ‘डॉक्टर, अशी कुणी आत्या नव्हती. मुलगी दत्तक आहे.’

दत्तक. हा शब्द स्वतःबद्दल मी पहिल्यांदा ऐकला तो एका परक्या माणसाच्या टेबलासमोर. मला धक्का बसला असं म्हणायला हवं, पण आधी वाटली ती लाज. गिरगावात सगळ्यांना माहीत होतं, बाबांना, आईला, कदाचित त्या मासळीवालीलासुद्धा. मी एकटी वेडी त्या नसलेल्या बाईचा चेहरा मिरवत होते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

काही दिवसांनी सर्वपित्री आली. आई पहाटे उठून ओट्याशी उभी. वड्यांचा वास आला आणि मी किती तरी दिवसांनी आपण होऊन पलंगावरून उठले, ते भांडायला.

‘आता कुणाला वाढतेस? नसलेल्या बाईला? लाज नाही वाटत?’

‘वाटते,’ आई म्हणाली. आणि पान घेऊन वर गेली.

मी तिच्या मागे गेले. तांब्या नाही घेतला. जिन्याच्या दारात उभी राहून बघत राहिले. तिने पान ठेवलं. कावळे तारेवर होते. तिने पदर तोंडापुढे धरला, पण ओठ हलले नाहीत. ऊन चढत गेलं. भाताचा पांढरा रंग सुकून पिवळट झाला, खिरीवर साय धरली. कावळे उडून मिठागरांकडे गेले. आई तशीच उभी, पदर तोंडाशी. मला वाटलं, बरं झालं. खोट्या आत्याला कावळा कसा शिवेल? दुपारी तिने पान उचललं आणि गाईला घातलं. माझ्याजवळून खाली जाताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुढे गोळ्या आल्या, दादरच्या फेऱ्या आल्या. हळूहळू पुस्तकातली ओळ आत शिरायला लागली. आरशावरचा टॉवेल एके दिवशी धुवायला गेला तो परत तिथे आला नाही. अठरावं वर्ष आलं आणि काही न होता गेलं. घरात अंबूआत्याचं नाव कुणी काढेना. पण सर्वपित्रीला पान निघायचं, आणि पुढच्या वर्षीपासून कावळाही यायला लागला. मी विचारलं नाही. बाबा गेल्यावर त्यांचं पान वेगळं निघालं, आत्याचं वेगळंच राहिलं. आईला आता जनाची लाज राखायची सवयच लागलीय, असं मी मनात म्हणायची, आणि तिच्या वतीने दर वर्षी ओशाळायची.

तर आज आम्ही दोघी त्याच गच्चीवर. वॉचमनने फार अडवलं नाही, ‘आजी, संभल के’ म्हणाला. मिठागरांच्या जागी आता उंच टॉवर आहेत, मधूनच खाजणाची एक हिरवट पट्टी दिसते. टाकी मात्र तिथेच आहे. आईने पान मांडलं. गुडघे धरून ती टाकीला टेकली आणि दम खात म्हणाली, ‘तुला वाटतं मी सावंतीणबाईंसाठी करत होते.’

मी डब्याचं झाकण लावलं.

‘पहिल्या वर्षी त्यांच्यासाठीच केलं. पण पान वाढायला घेतलं. म्हटलं, वाढतेच आहे तर जिने हिला जन्म दिला तिला का नको? पण ती आहे की गेली, कुणाला विचारणार? जिवंत बाईचं पान मांडायचं म्हणजे तिला मारणंच ते. मग नाव अंबूआत्याचं घेतलं आणि जेवायला तिला घातलं. गेली असेल तर पोचेल. असेल तर आत्याच्या नावावर जाईल.’ तिने पदर सावरला. ‘लाज वाटायची गं. तिचं मूल घेतलं, वर तिला एक घास घालायचा तोही चोरून.’

‘आणि पदराआड काय म्हणायचीस?’

‘काय म्हणणार? बाई, पोर नीट आहे. एवढंच.’

मला ते वर्ष आठवलं. सुकलेला भात, न हललेले ओठ. सगळ्या बिल्डिंगला कावीळ सांगणारी, डॉक्टरांसमोर आत्याला ब्याऐंशी वर्षांची करणारी माझी आई. त्या दिवशी उन्हात उभी राहून तिला त्या एका बाईशी मात्र खोटं बोलवलं नव्हतं.

‘या वेळी तू सांग,’ आई म्हणाली. ‘मला कुठवर जमणार?’ आणि मुद्दाम, गुडघे दुखत असताना, भिंत धरत धरत टाकीच्या पलीकडे गेली. मला ती दिसेनाशी झाली.

कावळा कठड्यावर येऊन बसला होता, मान तिरकी करून. मी ओढणी तोंडापुढे धरली. काय हाक मारावी ते सुचेना. बाई म्हणवेना. दुसरा शब्द एकच होता, तो टाकीपलीकडे उभ्या असलेल्या बाईचा. तो उचलून कुणाला देताना मला आयुष्यातली सगळी लाज एकदम वाटली. हळूच म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज मोठा निघाला.

‘आई, मी नीट आहे.’

टाकीच्या पलीकडून, सवयीने, आईने ओ दिली.